मारुती ८०० कार्बोरेटरवाली: ट्यून-अप करताना आधी काय, नंतर काय?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गाडी १९९४ची ८००, कार्बोरेटर आणि पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) डिस्ट्रिब्युटर. गॅस किट नाही. इंजिन थंड असताना ठीक, गरम झालं की सिग्नलला स्लो (ॲक्सिलरेटर न देता इंजिनचा वेग) हलतं, मागून पेट्रोलचा वास येतो, चढावर तिसऱ्यात दम टाकते. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.१ टक्के आणि हायड्रोकार्बन १४०० आलं. गॅरेजवाल्याचं म्हणणं कार्बोरेटर गेला, नवा टाका. त्याआधी घरी पूर्ण ट्यून-अप करून बघायचा आहे. पाने, मल्टीमीटर आणि फिलर गेज आहे, टायमिंग लाइट नाही. सुरुवात कुठून करू? कार्ब उघडायला घेऊ का?

फिलरगेज
कार्बला हात लावू नका. सगळ्यात शेवटी.

स्लो नीट नाही म्हटलं की पेचकस आधी मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) स्क्रूवर जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पॉइंटची गॅप कमी झालेली असते, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलेलं असतं, एखादं टॅपेट (व्हॉल्वची गॅप ठेवणारा स्क्रू) आवळलेलं असतं, आणि हे सगळं झाकायला कार्ब रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) केला जातो. मग पुढचा मेकॅनिक म्हणतो कार्ब गेला.

क्रम असा ठेवा: एअर फिल्टर आणि व्हॅक्यूमच्या नळ्या, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टॅपेट, प्लग आणि वायरी, पॉइंट, टायमिंग, आणि सगळं झाल्यावर कार्बचं स्लो आणि मिक्श्चर. क्रम असाच का? प्रत्येक गोष्ट पुढचीवर परिणाम करते. पॉइंटची गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग पुढे-मागे झालं की स्लोचा वेग बदलतो. वेग बदलला की मिक्श्चर लावताना कान फसतो. उलट्या क्रमाने गेलात तर दोनदा काम.

तुमच्या पीयूसीच्या आकड्यांबद्दल. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे मिश्रण रिच. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय, म्हणजे कुठेतरी मिसिंग (ठिणगी चुकणं). तुमचा सीओ मर्यादेच्या वर आहे आणि हायड्रोकार्बनही मर्यादेच्या अगदी जवळ, म्हणून एकटा कार्ब दोषी असेल असं वाटत नाही.

सामान: प्लग ३, पॉइंट सेट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ३ लिटर ऑइल आणि ऑइल फिल्टर. कॅप आणि रोटर आधी तपासा, चांगले असतील तर उगाच बदलू नका.

तीनसिलिंडर
वरच्याशी सहमत. टॅपेटचं सविस्तर लिहितो, कारण या तीन सिलिंडरच्या इंजिनात चार सिलिंडरच्या सवयीने काम केलं की चुकतं.

इंजिन एफ८बी, ७९६ सीसी, फायरिंग ऑर्डर १-३-२. एक नंबर सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर गॅप ०.१३ ते ०.१८ मिमी, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला तीच. ०.१५ची पात घ्या. कार्बच्या बाजूचे इनटेक, सायलेन्सर मॅनिफोल्डच्या बाजूचे एक्झॉस्ट.

तिन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. क्लच हाउसिंगवरचा रबरी बूच काढला की फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात. टीडीसीची (पिस्टन सर्वात वर असण्याची) खूण जुळली की एक नंबरची दोन्ही टॅपेटं बोटाने खुळखुळतायत का बघा. खुळखुळत नसतील तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी नाही, अजून एक पूर्ण फेरा द्या.

या जागी चार टॅपेटं लावता येतात: एक नंबरची दोन्ही, दोन नंबरचं इनटेक, तीन नंबरचं एक्झॉस्ट. मग क्रँक बरोबर एक फेरा फिरवा आणि उरलेली दोन लावा: दोन नंबरचं एक्झॉस्ट, तीन नंबरचं इनटेक. हे पाठ करायचं नसेल तर दर वेळी २४० अंश फिरवून १, ३, २ या क्रमाने प्रत्येक सिलिंडरची दोन्ही लावा. वेळ थोडा जास्त लागतो, चूक होत नाही.

पात सरकताना किंचित ओढ जाणवली पाहिजे, कुरकुरायला नको. लॉक नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पात पुन्हा घालून बघा. पहिल्याच फटक्यात सहाही बरोबर आली तर आपण नीट बघत नाही आहोत असं समजा.

सव्वाशेर
गरम इंजिनावरच लावावीत असं जुने मिस्त्री सांगतात. गॅप खरी तीच, कारण इंजिन गरमच चालतं.

तीनसिलिंडर
@सव्वाशेर गरम लावायची असतील तर आकडा ०.२३ ते ०.२८ मिमी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, आकडे एकमेकांत मिसळू नका. गरम इंजिनाला थंडचा ०.१५ आकडा लावला की टॅपेट घट्ट बसणार. घरी काम करणाऱ्याला थंडच सांगतो, कारण सहाव्या टॅपेटपर्यंत पोचेस्तोवर गरम इंजिन कोमट झालेलं असतं. शिवाय हात भाजत नाहीत.

सव्वाशेर
मान्य. पण मग एक जोडतो. "टॅपेट वाजतंय, जरा आवळून द्या" असं कोणी म्हणालं तर आवळू नका. आवाज करणारं टॅपेट परवडलं, गप्प बसलेलं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व आपली उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. गॅप संपली की तो पूर्ण टेकत नाही, कडेने जळतो, आणि मग हेड उतरवायचं काम निघतं. गाडी जशी चालते तसा व्हॉल्व सीटमध्ये खोल बसत जातो आणि गॅप आपोआप कमी होते, म्हणून आवाज नसला तरी तपासायचं. एलपीजीवर चालणाऱ्या ८०० मध्ये हे आणखी लवकर होतं.

फिलरगेज
कॉम्प्रेशनचं राहिलं होतं. टॅपेटच्या आधी एकदा, आणि काही गडबड दिसली तर टॅपेट लावल्यावर पुन्हा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, स्टार्टर चार-पाच फिरक्या. सगळ्यात मोठा आणि छोटा आकडा यात १ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर पॅकिंगचा संशय आधी. इथे दोष निघाला तर ट्यून-अपवर खर्च करू नका, आधी तो.

घाटमाथा
कॉम्प्रेशन तिन्हींचं सारखं आहे. टॅपेटमध्ये तीन नंबरचं एक्झॉस्ट ०.०८ निघालं, दोन नंबरचं इनटेक ०.२५. बाकी ठीक होती. सगळी ०.१५ केली. प्लग तिन्ही काळे, कोरडी काजळी. पॉइंटच्या एका बाजूला टेंगूळ, दुसरीकडे खड्डा. पॉलिश पेपर मारू की बदलू?

कोळसापट्टी
बदला. काजळीसारखं काळं असतं तर पेपर चालला असता, टेंगूळ आणि खड्डा झाल्यावर पेपर मारून सपाट होत नाही. आणि त्या टेंगळामुळे फिलर गेज खोटं सांगतं: पात टेंगळाच्या डोक्याला लागते, खरी गॅप बाजूला जास्त असते.

पॉइंटबरोबर कंडेन्सरही बदला. धातू एका बाजूकडून दुसरीकडे इतका गेला म्हणजे कंडेन्सरची क्षमता बिघडली असण्याची शक्यता मोठी. नवे पॉइंट आणि जुना कंडेन्सर ही जोडी काही दिवसांत पुन्हा तिथेच आणून सोडते. पॉइंट उघडताना मोठी निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेलेला. अगदी बारीक ठिणगी चालते.

बसवताना: नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसा. नाहीतर सुरूच होणार नाही आणि दोष भलतीकडे शोधत बसाल. क्रँक फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आणा. गॅप ०.४ ते ०.५ मिमी. नवा सेट असेल तर ०.५ जवळ ठेवा, कारण टाच सुरुवातीला घासून बसते आणि गॅप कमी होते. टाचेला ज्वारीच्या दाण्याएवढंच ग्रीस. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं.

तिन्ही उंचवट्यांवर गॅप मोजा. फरक लक्षात येण्यासारखा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतोय. रोटर धरून आडवा हलवून बघा. खेळ असेल तर टायमिंग प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडतं आणि कितीही लावलं तरी स्लो स्थिर होत नाही. तिथे बुश किंवा डिस्ट्रिब्युटर.

पाऊसपाणी
प्लगबद्दल. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. डब्यातून काढलेल्या नव्या प्लगचीही मोजायची. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग आधी बोटांनीच फिरवायचा. हात पोचत नसेल तर जुन्या पेट्रोल पाइपचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवा. आटे तिरके बसले तर पाइप निसटतो, आटे वाचतात. नवा वॉशर असलेला प्लग टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, वापरलेला असेल तर त्याहून बराच कमी. पान्याला नळी लावून ताकद काढायची नाही.

इरिडियम वगैरे टाकू नका. पॉइंटच्या इग्निशनवर त्या पैशाचं काही मिळत नाही.

वायरी: रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवा आणि वायरींवर बारीक पाण्याचा फवारा मारा. निळ्या रेघा नाचताना दिसल्या किंवा इंजिन अडखळलं की वायर बदलायची. पावसाळ्यात पहाटे गाडी सुरू न होण्याचं कारण निम्म्या वेळा इथेच असतं, बॅटरीत नाही. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग किंवा कार्बनची वाट. खरवडून फायदा नाही, कॅप बदला.

वायरी एकेक करून काढा. तिन्ही एकदम काढून २ आणि ३ अदलाबदल झाल्या तर कार्बमधून फटाके.

घाटमाथा
पॉइंट, कंडेन्सर, प्लग झाले. कॅप स्वच्छ आहे. आता टायमिंग. लाइटशिवाय जमेल?

कोळसापट्टी
जमेल. १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी लागतील.

बल्बची एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला. क्रँक फिरवून एक नंबर कॉम्प्रेशनवर आणा आणि फ्लायव्हीलची टायमिंगची खूण जुळवा. टीडीसीची नव्हे, त्याच्या आधीची. किती अंश हे बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं, तोच आकडा धरा. इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून बॉडी आधी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने इतकी फिरवा की बल्ब विझेल, म्हणजे पॉइंट मिटले. मग उलट दिशेने अगदी हळू. ज्या क्षणी बल्ब पेटला तिथे पॉइंट उघडले. तिथेच थांबा, बोल्ट आवळा. मग क्रँक थोडा मागे नेऊन पुन्हा पुढे आणा आणि बल्ब खुणेवरच पेटतो का बघा. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते.

लाइट असता तर: स्लो ९५० फेऱ्यांच्या आत, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद, मग खूण बघायची. स्लो १२०० वर ठेवून लावलं तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडायला लागलेली असतात, खूण पुढे गेलेली दिसते, आणि आपण ती मागे ओढतो. मग चढावर गाडी मेलेली.

सव्वाशेर
व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा) डबाही तपासा, त्याला कोणी विचारत नाही. कॅप काढा, नळीला तोंड लावून ओढा. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरली तर तिथेच राहिली पाहिजे. लगेच परत आली म्हणजे पडदा फाटलाय. मग सरळ रस्त्यावर पेट्रोल जास्त जातं, शिवाय फाटक्या पडद्यातून खोटी हवा (कार्बला वगळून शिरणारी) आत येते.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर. क्षणभर किंचित टिकटिक येऊन थांबली तर चालेल, सतत कडकड आली तर एक-दोन अंश मागे घ्या.

घाटमाथा
बल्बने टायमिंग लावलं. खुणेपेक्षा बरंच मागे होतं. चढावरचा दम बऱ्यापैकी परत आला. आता सिग्नलला स्लो जास्त झालाय आणि वास अजून आहे. आता कार्बला हात लावू?

फिलरगेज
आता लावा. स्लो वाढला हे बरोबरच आहे. टायमिंग मागे असताना कोणीतरी स्लोचा स्क्रू चढवून ठेवला होता.

पण त्याआधी तीन गोष्टी. एक, चोक. नॉब आत ढकलल्यावर कार्बच्या तोंडावरची पट्टी पूर्ण उभी होते का, डोळ्यांनी बघा. केबल अडकून पट्टी थोडी तिरकी राहिली तरी सीओ चढतो. दोन, फ्लोट. ज्या कार्बला काचेची खिडकी आहे तिथे पेट्रोलची पातळी गोल खुणेच्या मध्यावर हवी. वर असेल तर नीडल व्हॉल्वमध्ये कचरा किंवा झीज. तीन, डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर आधी ऑइल बदला. रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीतून वाफ पुन्हा कार्बमध्ये येते. मग स्क्रू कितीही फिरवा, सीओ उतरत नाही. खात्री करायची तर ब्रीदरची नळी फिल्टरकडून काढून हवेत सोडा. इंजिनचा आवाज लगेच बदलला तर ऑइलच दोषी.

हे झाल्यावर इंजिन पूर्ण गरम, एअर फिल्टर जागेवर, दिवे-पंखा बंद. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, आवळू नका, टोकाला खाच पडते. तिथून अडीच ते तीन फेरे बाहेर. सुरू करून स्लोच्या स्क्रूने ९०० च्या आसपास आणा. मिक्श्चर पाव-पाव फेरा फिरवून जिथे वेग सर्वात जास्त येतो ती जागा शोधा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून. स्लो पुन्हा ९०० वर. मग मिक्श्चर आतल्या बाजूला इतकंच फिरवा की वेग जाणवेल न जाणवेल एवढा पडेल. तिथे थांबा.

स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नाही? मग पेट्रोल दुसरीकडून येतंय: फ्लोट, किंवा थ्रॉटल इतका उघडा की मुख्य वाट चालू झालीय.

पाऊसपाणी
आणि स्क्रू बाहेर काढत गेलं तरी स्लो सुधारत नसेल तर उलट गोष्ट, खोटी हवा. कार्बच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचा सांधा, नळ्यांची टोकं. चालू इंजिनावर तिथे साध्या पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तिथे गळती. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून बघायचा सल्ला देतात, गरम सायलेन्सरशेजारी ते करू नका.

पीयूसीला जाताना इंजिन गरम करून जा, आणि सायलेन्सरला भोक असेल तर आधी बुजवा.

घाटमाथा
ऑइलला वास होताच. ऑइल-फिल्टर बदललं, मिक्श्चर वर सांगितल्याप्रमाणे लावलं. सीओ १.९, हायड्रोकार्बन ५२०, पास. वास गेला. एकच उरलंय: थांबलेल्या गाडीला एकदम ॲक्सिलरेटर दिला की आधी क्षणभर गचका खाते, मग पळते. हळू दाबला तर नाही. आणि थोडी थरथर आहे, ती ट्यूनिंगची का?

तीनसिलिंडर
थरथर थोडी राहणार, तीन सिलिंडर आहेत. गिअर नॉब आणि आरसे हलत असतील तर इंजिन माउंटिंगची रबरं बघा. ट्यूनिंगने ती जात नाही, आणि ती घालवायला स्लो ११०० वर ठेवणं हा इलाज नाही.

कोळसापट्टी
गचका म्हणजे ॲक्सिलरेटर पंप. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, टॉर्च घेऊन कार्बच्या तोंडात बघा आणि थ्रॉटलची दांडी हाताने झटकन ओढा. त्याच क्षणी पेट्रोलची सरळ धार पडली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली तर पंपाचा रबरी पडदा कडक झालाय, नाहीतर धारेच्या बारीक भोकात कचरा. भोकात तार घालू नका, हवा मारा. पडदा कार्बच्या रिपेअर किटमध्ये येतो, त्यासाठी कार्ब उतरवावा लागत नाही, बाजूचं झाकण उघडलं की झालं.

हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये जुना रबर लवकर फुगतो किंवा तडकतो, म्हणून पडदा बदलताना पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि मेकॅनिकल पंपही बघून घ्या. नळी वाकवून बारीक भेगा दिसल्या तर बदला, इथे काटकसर नको, खाली गरम एक्झॉस्ट आहे. पंपाच्या अंगावरच्या छोट्या छिद्रातून ओल दिसली तर आतला पडदा गेला. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीनही (रिचच्या उलट) होतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेलं मिक्श्चर आता पाव फेरा बाहेर लागू शकतं.

सव्वाशेर
गाडी महिनाभर उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर फ्लोटमधलं पेट्रोल संपवून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी फ्लोटच्या तळाशी बसतं आणि जेटवर पांढरी पूड धरते. पंपाकडून येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग नळी पुन्हा लावा. सुरू करताना स्टार्टर थोडा जास्त मारावा लागेल, पंप फ्लोट भरेपर्यंत.